दापोडीची बाग आणि सह्याद्रीची कारवी : दोन शतकांचा मागोवा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे पिंपरी-चिंचवडपर्यंत येताना तो सातशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. पावसाच्या या उतरंडीत घाटमाथ्याचे आणि त्याखालच्या उतारांचे मोठे क्षेत्र ज्या झुडपाने व्यापले आहे ते म्हणजे कारवी. कारखान्यांच्या कुंपणाआत ती सहसा आढळत नाही. तरीही या पट्ट्याची तहान भागवणारी पवना, इंद्रायणी, आंद्रा आणि भामा या नद्या त्याच रांगेत उगम पावत असल्यामुळे, कारवीचा इतिहास हा औद्योगिक पट्ट्याच्याही इतिहासाचा एक भाग ठरतो. या वंशाविषयीचे शास्त्रीय ज्ञान गेल्या दोन शतकांत कसे साठत गेले आणि त्याच काळात पायथ्याचा प्रदेश कसा पालटला, या दोन्ही गोष्टींचा एकत्रित मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

कारवी ज्या वंशात मोडते त्याला वनस्पतिशास्त्रात ‘स्ट्रोबिलँथिस’ म्हणतात. अडुळसा आणि कोरांटी ज्या वासक कुलातील आहेत त्याच कुलातील हा वंश असून, जावा बेटावरील वनस्पतींचा अभ्यास करताना कार्ल लुडविग ब्लूम यांनी 1826 मध्ये त्याची स्थापना केली. आशियाच्या उष्ण प्रदेशात त्याच्या चारशेहून अधिक जाती असून त्यांत गुडघाभर वाढणाऱ्या औषधी, म्हणजे मऊ खोडाच्या वनस्पती, आणि दोन पुरुष उंचीची झुडपे असे दोन्ही प्रकार आहेत. सह्याद्रीत सर्वत्र दिसणारी कारवी म्हणजे ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’; तिचे शास्त्रीय वर्णन जर्मन शास्त्रज्ञ नीस फॉन एझेनबेक यांनी 1832 मध्ये नॅथॅनिएल वॉलिच यांच्या ग्रंथात प्रसिद्ध केले. तिच्यासोबत चिकट फुलोऱ्याची वायटी, आखरा आणि पठारावर उपड्या टोपलीसारखा घुमटाकार वाढणारी टोपली कारवी या तिच्या भावंड जातीही महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर आढळतात.

या ज्ञानपरंपरेतील एक महत्त्वाचे ठिकाण आजच्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतच आहे. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळील दापोडी येथे, तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांतील ‘दापुरी’ येथे, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1828 च्या सुमारास, सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. 1838 च्या सुमारास त्याची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या गिब्सन यांनी औषधी आणि उपयुक्त वनस्पतींच्या लागवडीसोबत घाटमाथ्यावरील देशी वनस्पतींच्या नोंदींकडेही लक्ष दिले, आणि 1847 ते 1850 या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून बागेतील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरा येथील शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात असून, हेन्री नोल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

गिब्सन यांचे दुसरे कार्य या विषयाच्या अधिक जवळचे आहे. 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि जंगलतोडीमुळे डोंगरातील पाणी आटते व खालच्या शेतीला त्याची झळ बसते ही चिंता त्यांनी सरकारपुढे मांडली. वरच्या उतारावरील झाडोरा आणि खालच्या गावाचे पाणी यांचे हे नाते इतक्या आधी ओळखणारा अधिकारी दापोडीत राहत होता, ही बाब आजच्या नगरनियोजनानेही गांभीर्याने घेण्याजोगी आहे. निकोल डॅल्झेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ 1861 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात कारवीच्या वंशातील जातींना स्थान मिळाले. त्याआधी, 1839 मध्ये, जॉन ग्रॅहॅम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची छापली जात होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच ग्रॅहॅम यांचे खंडाळ्यात निधन झाले आणि उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. 1860 च्या दशकात दापोडीची बाग बंद झाली व अभ्यासाचे केंद्र गणेशखिंडीकडे सरकले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, तो आजही या वंशाच्या अभ्यासाचा आधार मानला जातो.

विसाव्या शतकात या वंशाच्या वर्गीकरणाला वेगळे वळण लागले. डच शास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी 1944 मध्ये स्ट्रोबिलँथिसचे अनेक लहान वंशांत विभाजन केले आणि कारवीसाठी तिच्या देशी नावावरूनच ‘कार्व्हिया’ हा स्वतंत्र वंश कल्पिला; त्यामुळे अनेक भारतीय ग्रंथांत ती ‘कार्व्हिया कॅलोसा’ या नावाने आढळते. पुढे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-आधारित अभ्यासाने हे सर्व गट एकाच विस्तृत वंशाचे असल्याच्या मताला बळ दिले आणि जुने नाव पुन्हा रूढ झाले. महाराष्ट्रापुरते पाहता, फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी 1950 च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई प्रदेशातील वासक कुलावर आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवर केलेले लेखन, तसेच 1955 मध्ये पुण्यात सुरू झालेले भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम मंडळ, यांमुळे लोणावळा-खंडाळ्याच्या रांगेचा अभ्यास पक्क्या पायावर उभा राहिला.

वर्गीकरणाइतकेच अभ्यासकांना गुंतवून ठेवणारे दुसरे कोडे कारवीच्या फुलण्याचे आहे. कारवी सात वर्षे केवळ पाने आणि खोड वाढवते, आठव्या पावसाळ्यात संपूर्ण उतारावरची झुडपे एकाच वेळी जांभळ्या-निळ्या फुलांनी भरतात आणि फळे धरल्यावर ती सारी पिढी मरून जाते. या प्रकाराला सामूहिक फुलोरा म्हणतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी 2008, 2016 आणि 2024 मध्ये अशी फुलली. वेगवेगळ्या डोंगरांवरील पिढ्यांची वर्षे मात्र वेगवेगळी असू शकतात, आणि म्हणूनच एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी लागू करता येत नाही. याच वंशातील नीलगिरी व मुन्नार परिसरातील नीलकुरिंजी बारा वर्षांनी, म्हणजे 2006 आणि 2018 मध्ये, फुलली. इतकी दीर्घ प्रतीक्षा कशासाठी, याचे एक मान्यताप्राप्त स्पष्टीकरण डॅनिएल जॅन्झेन यांनी 1976 मध्ये बांबूच्या संदर्भात मांडले : बिया खाणाऱ्या प्राण्यांना पचवता येणार नाही इतक्या बिया एकाच हंगामात निर्माण झाल्या, तर त्यांचे पोट भरूनही पुढच्या पिढीपुरत्या बिया शिल्लक राहतात. या उपायाला भक्षक-तृप्ती म्हणतात.

कारवीचे फळ जवळून पाहिले असता या योजनेचा दुसरा भाग उलगडतो. फुले गळाल्यावर लवदार, चिकट आणि उग्र वासाच्या छदांच्या, म्हणजे फुलाखालील लहान पानांच्या, आवरणात बोंडे पिकतात व उन्हाळाभर वाळून मेलेल्या काठ्यांवरच राहतात. बोंडाच्या आत प्रत्येक बीला आधार देणारा एक टणक आकडा असतो. पहिल्या पावसाचा ओलावा लागताच वाळलेले बोंड चट्‌ आवाज करून दुभंगते आणि आकड्यांच्या जोराने बिया दूर फेकल्या जातात, त्यामुळे जमीन भिजलेली असतानाच बी रुजते. याचाच दुसरा अर्थ असा की, आठ वर्षांची सारी पुंजी त्या एका उन्हाळ्यात वाळलेल्या काठ्यांवर उघडी असते. त्याच उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला, किंवा त्यानंतरच्या पावसाळ्यात कोवळ्या रोपांवर बेसुमार चराई झाली, तर तिची भरपाई पुढच्या वर्षी होऊ शकत नाही.

डोंगरातील माणसांचा कारवीशी संबंध या शास्त्रीय अभ्यासाहून जुना आहे. मावळ, खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, विशेषतः महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत, घराच्या भिंतींसाठी कारवीचा कूड घातला जाई : वाळलेल्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या रोवायच्या, आडव्या कामट्यांनी त्या आवळून बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचे लिंपण करायचे. परसाची वई, वेलांचे आधार आणि चुलीचे सरपणही याच काठ्यांचे असे. फुलोऱ्याच्या वर्षी आग्या आणि सातेरी या दोन्ही मधमाश्या कारवीवर तुटून पडतात आणि त्या हंगामाचा घट्ट, गडद मध विशेष मोलाचा मानला जातो. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचीही स्थापना झाली. डोंगरातील उपजीविका आणि पायथ्याची कारखानदारी, या दोन्हींची आधुनिक व्यवस्था अशी एकाच वर्षी आकार घेऊ लागली.

पायथ्याचा कायापालट त्याआधीच सुरू झाला होता. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला; तेथील संशोधनातून पुढे आलेले हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याला पिंपरीवरूनच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले. 1960 च्या दशकात आकुर्डी, चिंचवड आणि भोसरी परिसरात वाहन व अभियांत्रिकी उद्योग वसले, 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि वाढत्या वस्तीचा भार पवना धरणावर पडला.

त्यानंतरचा काळ मुंबईच्या कारवीच्या फुलोऱ्यांनी मोजला तर बदलाचा वेग अधिक स्पष्ट होतो. 2000 ते 2008 या एका पिढीच्या आयुष्यात, 2002 मध्ये, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, बोरघाटाच्या उतारांवरील वर्दळ अनेक पटींनी वाढली आणि चाकणला मोठ्या औद्योगिक क्षेत्राचे रूप येऊ लागले. 2008 ते 2016 या दुसऱ्या पिढीच्या काळात, 2009 मध्ये, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प चाकणला उभे राहिले. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला, आणि पाणी देणारा प्रदेश व पाणी घेणारे शहर यांच्या नात्यातील ताण साऱ्या महाराष्ट्रापुढे आला. त्याच महिन्याच्या अखेरीस माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल सादर केला, 2012 मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, आणि 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा 2014 मध्ये आणि सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी निघाला. म्हणजे एका मसुद्यापासून सहाव्या मसुद्यापर्यंतचा अवधी कारवीच्या एका संपूर्ण आयुष्याहून अधिक भरला.

या दोन शतकांच्या मागोव्यातून निघणारा निष्कर्ष असा की, कारवीच्या रक्षणासाठी लागणारे मोजमाप प्रशासनाच्या नेहमीच्या मोजमापापेक्षा लांब पल्ल्याचे आहे. वार्षिक अंदाजपत्रक, पंचवार्षिक योजना आणि निवडणुकीची मुदत यांपैकी कशातच आठ वर्षांचे चक्र मावत नाही, त्यामुळे ज्या उन्हाळ्यात वणव्यापासून उतार जपण्याची सर्वाधिक गरज असते तो उन्हाळा कोणत्याच आराखड्यात वेगळा दाखवला जात नाही. 1985 मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यातील कारवीला कायद्याचे संरक्षण आहे; पण मावळ आणि खेडमधील खासगी व गावकीच्या डोंगरांवर, जेथे जमिनीचे व्यवहार, रस्ते आणि सपाटीकरण वेगाने चालते, तेथे तिचे रक्षण स्थानिक दक्षतेवरच अवलंबून आहे. दाट कारवीची पाने पावसाच्या धारेचा मारा झेलतात आणि मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. ही माती सुटली तर ती अखेर धरणांच्या तळाशी गाळ म्हणून साचते आणि तिची किंमत पाणी वापरणाऱ्या शहरालाच मोजावी लागते.

म्हणूनच लोहगड-विसापूरपासून भीमाशंकरपर्यंतच्या प्रत्येक रांगेची फुलोरा-नोंदवही ठेवली जाणे अगत्याचे आहे : कोणता उतार कोणत्या वर्षी फुलला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात वणवा लागला का, आणि पुढच्या पावसाळ्यात रोपे किती दाट उगवली. ग्रामपंचायती, जैवविविधता व्यवस्थापन समित्या, वनखाते, महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग आणि याच डोंगरांचे पाणी वापरणारे उद्योग यांनी मिळून हे काम उचलले, तर त्याचा खर्च अल्प आणि लाभ दीर्घकाळ टिकणारा असेल. मुंबईच्या कारवीचा पुढचा फुलोरा चक्राप्रमाणे 2032 मध्ये अपेक्षित आहे. मावळ आणि खेडच्या उतारांची वर्षे तोवर गावोगावच्या जाणत्यांकडून लिहून घेतली गेली, तर तेथील प्रत्येक फुलोऱ्यानंतरचा निर्णायक उन्हाळा आधीच ठाऊक असेल आणि त्या उन्हाळ्यासाठी जाळपट्टे आखणे, राखणदार नेमणे व चराई आवरणे ही कामे वेळेवर करता येतील.