पाटीवरचा नंबर
लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडात दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही. लोक डॉक्टरांचं नाव वाचतात, डिग्री वाचतात. खालच्या नोंदणी क्रमांकाकडे कोणी बघत नाही. बघायला हवं, कारण नुसत्या डिग्रीवर दवाखाना थाटता येत नाही. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातला विद्यार्थी साडेचार वर्षांनी एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाला, की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल त्याला तात्पुरती नोंदणी देतं, तीही इंटर्नशिपपुरतीच. ते वर्ष पुरं झालं, की कायमची नोंदणी. तिचंही दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी परिषदा-कार्यशाळांना हजेरी लावून ३० गुण जमवावे लागतात. (तिथे शिकतात किती आणि जेवतात किती, तो भाग वेगळा.) परदेशात शिकून आलेल्यांना आधी पात्रता परीक्षा. बीएएमएस, बीएचएमएसवाल्यांची कौन्सिलं निराळी.

एमबीबीएस डॉक्टरांचा हा क्रमांक पाटीवरच नव्हे, तर औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशांच्या पावतीवरही हवा, असा २००२ च्या आचारसंहितेचा नियम आहे. नोंदणीविना प्रॅक्टिस करणाऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत बोगस डॉक्टरला, १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली तुरुंगवास होऊ शकतो. चार खाटा टाकून पेशंट ॲडमिट करायचे, तर नर्सिंग होमची नोंदणी वेगळी काढावी लागते.