पंपाच्या मोटारीचा वेग : कोठे कमी करावा, कोठे करू नये

संगमनेर तालुक्यात शेतीच्या पाण्याची दोन रूपे आढळतात. प्रवरेच्या काठी ओझर बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांच्या आधारावर ऊस उभा असतो. साकूर-घारगावकडील पठार भागात मात्र शेतकऱ्यास विहीर व शेततळे यांवरच भिस्त ठेवावी लागते. दोन्हीकडे पाणी उचलण्याचे काम बहुधा विजेची मोटार करते. ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली म्हणजे दुरुस्तीचा खर्च होतोच, परंतु पाण्याची पाळी चुकून पिकाचे होणारे नुकसान त्याहून मोठे असते. म्हणून मोटारीचा वेग कशावर अवलंबून असतो, हे प्रत्येक पंपधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

वेग कोण ठरवितो?

आपल्याकडील वीज दर सेकंदास 50 आवर्तने करते. तीन फेजच्या मोटारीच्या गुंडाळीत या विजेमुळे फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. गुंडाळी चार ध्रुवांची असल्यास हे क्षेत्र मिनिटास 1,500 फेरे घेते. दोन ध्रुवांची असल्यास 3,000. मोटारीचा दांडा या क्षेत्राच्या किंचित मागे राहतो. म्हणूनच मोटारीवरील पाटीवर 1,440 किंवा 2,880 यांसारखा आकडा दिसतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोटारीचा वेग मुख्यतः आवर्तने व ध्रुव यांवर ठरतो, व्होल्टेजवर नव्हे. व्होल्टेज उतरले तर मोटारीचा वेग फारसा कमी होत नाही. तिचा जोर मात्र झपाट्याने घटतो. व्होल्टेज 80 टक्के उरले की जोर सुमारे 64 टक्केच उरतो. पंपाचे ओझे तेवढेच असल्यामुळे मोटार अधिक करंट ओढते, गुंडाळी तापते आणि अखेरीस जळते. एक फेज गेल्यावरही असाच अनर्थ होतो. ‘मोटार फिरते आहे, मग चिंता कसली?’ ही समजूत अनेकांस महागात पडली आहे.

वेग बदलल्यास काय होते?

पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची पुली बदलून वेग वाढविण्याची युक्ती जुनी आहे. परंतु तिचा हिशेब ध्यानात ठेवावा. पंपाचे पाणी वेगाच्या प्रमाणात वाढते, पाणी चढविण्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्क्यांनी वाढविला तर पाणी सुमारे 10 टक्केच अधिक मिळेल, पण मोटारीवरील ओझे सुमारे 33 टक्क्यांनी वाढेल.

हाच नियम उलट बाजूने उपयोगी पडतो. वेग 80 टक्क्यांवर आणल्यास पाणी 80 टक्के मिळते, परंतु शक्ती सुमारे 51 टक्केच लागते. हे काम करणाऱ्या यंत्रास बाजारात व्हीएफडी किंवा ड्राइव्ह म्हणतात. ते विजेची आवर्तने व व्होल्टेज दोन्ही योग्य प्रमाणात कमी-अधिक करते. नुसता व्हॉल्व्ह आवळला तर पाणी कमी होते, पण विजेची बचत त्या मानाने होत नाही.

विहीर व शेततळे यांतील फरक

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. समजा, एखादा पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त 30 मीटर उंचीपर्यंत पाणी चढवितो. त्याचा वेग 80 टक्के केला तर ही मर्यादा 19 मीटरच्या आसपास येते. विहिरीतील पाण्यापासून शेततळ्याची उंची 20 मीटर असेल तर पंप फिरत राहील, मोटार वीज खाईल, पण पाण्याचा थेंबही वर येणार नाही. म्हणून खोल विहिरीतून उंचावर पाणी चढविताना वेग कमी करण्याचा लाभ थोडा असतो व धोका अधिक.

शेततळ्यातून ठिबकला पाणी देताना परिस्थिती निराळी असते. डाळिंबाचा मोठा भाग आज चालू, उद्या टोमॅटोचा लहान भाग. गरज रोज बदलते. अशा ठिकाणी वेग कमी करून नळ्यांतील दाब योग्य राखता येतो.

मोटार 7.5 अश्वशक्तीपर्यंतची असल्यास आणखी एक विचार करावा. राज्य शासनाने 2024 साली अशा कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना सुरू केली. ज्यांस तिचा लाभ मिळतो, त्यांस बिलात बचत दिसणार नाही. मोटार हळूहळू सुरू होणे व ठिबकचा दाब समान राहणे, एवढ्याच लाभासाठी खर्च परवडतो का, हे त्यांनी पाहावे.

सौरपंपाचा सकाळचा प्रश्न

ए.सी. मोटारीच्या सौरपंपात हे वेगनियंत्रण नियंत्रक-पेटीतच असते. ऊन कोवळे असताना पेटी आवर्तने कमी करते. त्यामुळे सकाळी मोटारीचा आवाज येतो, पण पाणी येत नाही. ऊन चढले की वेग वाढतो व पाणी सुरू होते. यास बिघाड समजून पेटी उघडू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या विहिरीवर शेतकऱ्यांना एकत्र जमवून पुढील गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात :

1. मोटारीच्या पाटीवरील अश्वशक्ती, व्होल्टेज, करंट व फेरे वाचून वहीत नोंदवावेत.

2. तज्ज्ञ तारतंत्र्याकडून चालू मोटारीचा करंट मोजवून तो पाटीवरील आकड्याहून अधिक नाही, याची खात्री करावी.

3. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले पाटीवरील करंटनुसार लावावा. मोटार वारंवार बंद पडते म्हणून तो बांधून ठेवू नये, कारण शोधावे.

4. व्हीएफडी घेण्यापूर्वी पाण्याची उभी उंची मोजावी. मोटार जुनी, पुन्हा गुंडाळलेली असल्यास किंवा पाणबुडी मोटारीची केबल लांब असल्यास निर्मात्याचा सल्ला घ्यावा आणि त्याने सांगितलेल्या किमान वेगाखाली मोटार चालवू नये.

पाटी वाचावयास पाच मिनिटे लागतात. जळालेली मोटार दुरुस्त होईपर्यंत पीक थांबत नाही.