आधी बियाणं राखा, मग मेथी पेरा

महाराष्ट्रातून मोसमी पाऊस माघारी फिरतो तो बहुधा नंदुरबारकडून. सातपुड्यात उघडीप पडते आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी-मोलगीकडच्या उतारांवर मका, ज्वारी, मोर या भरडधान्यांच्या काढणीची लगबग सुरू होते. परसबागेकडे बघायला सवड नसते. पण बागेतलं वर्षाचं सर्वांत मोलाचं काम नेमकं याच दिवसांतलं: कोणतं फळ खायचं नाही, हे ठरवणं.

निरोगी वेलावरचं, ऐन बहरातलं फळ हेरावं आणि देठाला चिंधी बांधावी, म्हणजे घरचं कुणी ते तोडणार नाही. दोडका वेलावरच वाळू द्यावा, आत बिया खुळखुळेपर्यंत. काकडी पूर्ण पिवळी पडू द्यावी. तिचा गर बियांसकट एक-दोन दिवस आंबवला की बुळबुळीत आवरण सुटतं. तरंगणाऱ्या बिया टाकाव्यात, तळाशी बसलेल्या धुऊन सावलीत वाळवाव्यात. बी वाकलं तर अजून ओल आहे. कट्कन मोडलं की चाळलेल्या राखेत घालून डब्यात भरावं. मक्याची निवडक कणसं चुलीच्या वर टांगली, तर धुरामुळे सोंडे कमी लागतात.

संकरित वाणाचं बी मात्र राखू नये. पुढची पिढी तशीच येत नाही. नवख्यानं गावठी वालापासून सुरुवात करावी, त्यात सहसा भेसळ होत नाही. दिवस लहान होऊ लागले की हा वाल फुलोऱ्यावर येतो. अशा वेळी युरिया दिला तर नुसता पाला माजतो. मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून फवारावी.

शेजारच्या धडगाव तालुक्यात ‘बाएफ’ या संस्थेनं मका-ज्वारीचे स्थानिक वाण जपण्याचं काम केलं आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं राखण्यासाठीच २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणं राखण्याचा, त्याची देवाणघेवाण करण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानं मान्य केला आहे. हा हक्क परसातच वापरात राहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

चिंध्या बांधून झाल्या की रिकाम्या वाफ्यांत शेणखत मिसळून मेथी, पालक पेरावा. धणे रगडून, दोन फाकी करून टाकावेत. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. कोंब वर येईपर्यंत वाफ्यावर पाला पसरावा आणि पाणी संध्याकाळी द्यावं.