एम. आर. आय. तपासणी, बालकांची
एम. आर. आय. तपासणी, बालकांची : प्रबल चुंबकीय क्षेत्र व रेडिओ तरंग यांच्या साहाय्याने शरीरांतर्गत इंद्रियांच्या प्रतिमा मिळविण्याच्या पद्धतीस चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती एम. आर. आय. या नावाने परिचित आहे. तीत क्ष-किरणांचा वापर होत नसल्यामुळे ती बालकांच्या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरते. परंतु तपासणी चालू असताना अगदी निश्चल पडून राहण्याची तिची अट लहान मुलाच्या स्वभावाविरुद्ध असते. ही अट पुरी व्हावी म्हणून मुलाच्या मनाची व शरीराची आधी करून घ्यावयाची तयारी हा या तपासणीचा आवश्यक भाग होय. ती नीट झाल्यास पुष्कळ मुलांना भूल देण्याचे टळते.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तत्त्वावर पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली. त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयांतील उपकरणांचे क्षेत्र बहुधा १·५ किंवा ३ टेस्ला असते. १·५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. या क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनाची अणुकेंद्रे रेडिओ तरंगांना प्रतिसाद देतात. प्रतिसाद कोणत्या ठिकाणाहून आला हे कळण्यासाठी तारांच्या वेटोळ्यांतून विद्युत् प्रवाह अत्यंत जलद बदलत ठेवावा लागतो. त्यामुळे वेटोळी कंप पावतात व ठोकल्यासारखा आवाज होतो. तो १०० डेसिबेलांहूनही अधिक असू शकतो. माहिती मिनिटामिनिटाने गोळा होत असल्याने मधेच झालेली हालचाल केवळ हललेल्या भागापुरती राहत नाही. छायाचित्रात हललेला हात तेवढा पुसट येतो. येथे मात्र संपूर्ण प्रतिमेवर प्रतिच्छाया उमटतात आणि ती प्रतिमामाला पुन्हा घ्यावी लागते. एकूण तपासणीस बहुधा २० ते ६० मिनिटे लागतात.

या अडचणीवरील सोपा उपाय म्हणजे शामक औषध वा भूल. ती देणे आज बरेच सुरक्षित झाले आहे. तथापि त्यासाठी उपाशी राहणे, भूलतज्ञाची उपस्थिती व नंतरची देखरेख अटळ असते. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. अर्भकावस्थेत एकदाच दिलेल्या, तासाभराहून कमी वेळाच्या भुलेचा पाच वर्षांच्या वयात दुष्परिणाम आढळला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. म्हणून आवश्यक तेथे भूल नाकारणे योग्य नव्हे. ती गरजेपुरतीच असावी, एवढाच याचा अर्थ.

रुग्णालयातील मुलाची भीती हा वैद्यकाचा विषय आहे, ही जाणीव एम. आर. आय.पेक्षा जुनी आहे. जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या चित्रपटाने आईपासून दूर, रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे दुःख ब्रिटिश डॉक्टरांपुढे मांडले. १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांच्या भेटीवरील निर्बंध उठविण्याची शिफारस केली.

तयारीची रीत वयानुसार बदलते. साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून नैसर्गिक झोपेतच तपासता येते. एक ते चार वर्षांची मुले सर्वांत अवघड. त्यांना बहुधा भूल द्यावीच लागते. त्यापुढील मुलांच्या बाबतीत सराव उपयोगी पडतो. काही रुग्णालयांत चुंबक नसलेले नकली यंत्र ठेवलेले असते. ते नसल्यास पलंगाखाली किंवा मोठ्या खोक्यात निजून, ध्वनिमुद्रित आवाज ऐकत घरीही सराव होतो. मुलांचा ‘स्टॅच्यू’ हा खेळ तर या कामी जणू तयारच आहे.

मुलाला काय सांगावे, याला फार महत्त्व आहे. यंत्र बोगद्यासारखे आहे, दोन्ही बाजूंनी उघडे आहे, ते मोठा आवाज करील पण अंगाला लागणार नाही, कानांत बोळे घालतील, हाक मारली की बाहेरच्यांना ऐकू जाईल, हे साध्या शब्दांत आधीच सांगावे. ‘काहीच होणार नाही’ किंवा ‘सुई टोचणार नाही’ असे आश्वासन मात्र देऊ नये. काही तपासण्यांत शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध द्यावे लागते आणि एकदा फसवणूक झालेले मूल पुढे कशावरच विश्वास ठेवीत नाही. डॉक्टरांचा धाक घालण्याची घरोघरची सवय येथे फारच महाग पडते.

भूल द्यावयाची असल्यास साधारणतः घन आहार व गाईचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. रुग्णालयानुसार यात थोडा फरक असतो. पोटात अन्न असल्यास ते उलटून श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. मुलाने गुपचूप बिस्किट खाल्ले असल्यास ते लपवू नये.

बहुतेक उपकरणांतील चुंबक द्रव हीलियमने सु. −२६९° से. तापमानास थंड ठेवलेला अतिसंवाहक असून तपासणी नसतानाही त्याचे क्षेत्र चालूच असते. न्यूयॉर्क राज्यात जुलै २००१ मध्ये ऑक्सिजनचे नळकांडे यंत्राकडे खेचले जाऊन सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. मुंबईतील एका रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये असेच नळकांडे घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक दगावला. म्हणून मुलासोबत आत जाणाऱ्या पालकाचीही धातूसंबंधी तपासणी होते. चांदीचे वाळे व पैंजण चुंबकाकडे ओढले जात नाहीत, पण त्यांत विद्युत् प्रवाह निर्माण होऊन त्वचा भाजू शकते. तेव्हा ते, तसेच ताईत, करदोट्यातील मणी, केसांचे चाप व सेफ्टी पिना घरीच काढून ठेवाव्यात. कानातील कॉक्लिअर रोपण, मेंदूतील पाणी वाहून नेणारी नळी, दातांच्या तारा किंवा मुलाने गिळलेले नाणे वा बटन-बॅटरी यांची माहिती तपासणीचा दिवस ठरवितानाच द्यावी लागते, कारण कॉक्लिअर रोपणाच्या काही प्रकारांत चुंबक असतो आणि काही नळ्यांच्या झडपेची मांडणी तपासणीनंतर पुन्हा तपासून घ्यावी लागते.