वीज परत आली. पेढी परत जोडली गेली का?

बडनेरा हे गाव रेल्वेमुळे दोन वस्त्यांत विभागले गेले आणि रेल्वेमुळेच व्यापाराच्या नकाशावर आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्याच्या काही वर्षे आधी, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने जगाला वऱ्हाडच्या कापसाची ओळख करून दिली होती. रुईच्या गाठी रेल्वेने मुंबईला जाऊ लागल्या आणि भाव तारेने येऊ लागले. तारेतील मजकूर वाटेत अनेकांच्या नजरेखालून जात असे. म्हणून व्यापारी सांकेतिक शब्द वापरत. त्यात पैसेही वाचत आणि भावाची गुप्तताही राही. मारवाडी पेढ्यांच्या वह्या काना-मात्रा गाळलेल्या मुडिया लिपीत लिहिल्या जात. परक्याला त्या सहजासहजी लागत नसत. कापडावरील चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांच्या संकेतात लिहिण्याची रीत तर कित्येक दुकानांत अगदी अलीकडेपर्यंत होती. व्यवहार दूरवर न्यायचा, पण तो फक्त आपल्याच माणसाला वाचता यावा, ही गरज व्यापाराइतकीच जुनी आहे.

आज त्या वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. एखाद्या कुटुंबाचे दुकान बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, गोदाम अमरावतीच्या वाटेवर, करसल्लागार अकोल्यात आणि मुलगा पुण्यात, अशी मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. खातेवही मात्र एकच असते आणि ती दुकानातल्या संगणकात असते. मुलाला रात्री पुण्याहून उधारीची यादी पाहायची असते. गोदामातील मुनीमजींना आवक तिथेच नोंदवायची असते. त्यासाठी दुकानाचा संगणक बाहेरून गाठता आला पाहिजे.

हे काम दोन प्रकारे होते. पहिला प्रकार सोपा आणि घातक. इंटरनेटच्या राउटरमध्ये एक दार उघडून ठेवायचे आणि दुकानातील संगणकाचा पडदा दूरवरून थेट उघडायचा. विंडोजच्या ‘रिमोट डेस्कटॉप’ सोयीसाठी ठरलेले दार ३३८९ क्रमांकाचे आहे, हे चोरांनाही ठाऊक असते. त्यांची यंत्रे रात्रंदिवस जगभरचे पत्ते ठोठावत असतात. उघडे दार आणि सोपा पासवर्ड सापडला की आत शिरून सर्व फाइलींना कुलूप घातले जाते आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ती एका रात्रीत वाचता न येण्याजोगी झाली, तर नुकसान केवळ येणे-देण्याचे राहत नाही. कर अधिकाऱ्यापुढे ठेवायला कागदच उरत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे व्हीपीएन, अर्थात आभासी खासगी जाळे. यात दोन संगणकांमध्ये इंटरनेटवरूनच एक बंद बोगदा तयार होतो. बोगद्यातून जाणारा मजकूर सांकेतिक असतो आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच आत प्रवेश मिळतो. बाहेरून ठोठावणाऱ्याला हिशेबाच्या संगणकाचे दार दिसतच नाही. पुण्याच्या मुलाने आधी बोगदा जोडायचा आणि मग त्यातून दुकानाचा पडदा उघडायचा. हिशेबाच्या फाइली बोगद्यातून इकडे ओढून उघडण्यापेक्षा दुकानाचाच पडदा दुरून पाहणे वेगाने होते, आणि मध्येच इंटरनेट तुटले तरी नोंदी बिघडण्याचा धोका कमी राहतो.

इथपर्यंतची जोडणी बहुतेक तंत्रज्ञ करून देतात. अडचण पुढे येते, आणि ती वऱ्हाडात हमखास येते. उन्हाळ्यात किंवा वळवाच्या पावसात वीज जाते. बॅटरी संपते, संगणक बंद पडतो. वीज आल्यावर कोणीतरी बटण दाबते, संगणक सुरू होतो, पण बोगदा सुरू होत नाही. कारण तो हाताने जोडावा लागतो. शेठजी कुटुंबासह मुक्तागिरीला गेलेले असतात, दुकानाला कुलूप असते आणि पुण्याहून काहीच दिसत नाही. असे दोन-तीनदा झाले की घरातूनच मागणी येते, ‘ते व्हीपीएन नको, पूर्वीसारखे थेट उघडणारे करून द्या.’ तात्पुरते म्हणून उघडलेले ते दार मग वर्षानुवर्षे उघडेच राहते. म्हणून बोगदा आपोआप जोडला जाणे ही चैनीची बाब नाही. जी सुरक्षा रोज अडवते, ती माणसे काढून टाकतात. जी न सांगता काम करते, तीच टिकते.

आपोआप जोडणी म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे. संगणक सुरू होताना दोन टप्पे असतात. आधी विंडोजच्या अंतर्गत सेवा चालू होतात. त्यानंतर कोणी पासवर्ड टाकला की त्या व्यक्तीचे काम सुरू होते. बहुतेक व्हीपीएन दुसऱ्या टप्प्यात जोडले जातात. ‘सुरुवातीला चालू करा’ या खुणेवर टिचकी मारली तरी पासवर्ड टाकणारा माणूस समोर असेपर्यंतच तिचा उपयोग. बंद दुकानात हवी असते ती पहिल्या टप्प्यातील जोडणी, म्हणजे सेवेच्या रूपात चालणारा व्हीपीएन.

वायरगार्ड या मोफत प्रणालीत हे सर्वांत सुटसुटीत आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी ती रचली आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिचा समावेश झाला. विंडोजवर बोगदा एकदा सक्रिय केला की तो सेवा म्हणून नोंदला जातो आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर कोणी पासवर्ड टाकण्याआधीच जोडला जातो. तिच्या मांडणीत ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ या ओळीपुढे २५ हा आकडा लिहिला, तर दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश जातो आणि राउटरमधील वाट मिटत नाही. ओपनव्हीपीएनच्या २.५ आणि पुढील आवृत्त्यांत जोडणीची फाइल ‘कॉन्फिग-ऑटो’ या फोल्डरमध्ये ठेवली की तिची सेवा तो बोगदा संगणकाबरोबरच सुरू करते. विंडोजचा अंगभूत व्हीपीएन वापरायचा असेल, तर ‘टास्क शेड्युलर’मध्ये ‘संगणक सुरू होताच’ ही वेळ निवडून ‘रासडायल’ ही आज्ञा द्यावी लागते. त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिला जाण्याचा धोका असतो, म्हणून शक्य तिथे पहिले दोन मार्ग बरे. जुन्या राउटरमध्ये दिसणारी ‘पीपीटीपी’ ही पद्धत मात्र टाळावी. तिचे सांकेतिक कवच फोडता येते, हे २०१२ मध्येच दाखवून दिले गेले आहे.

एक अडचण इंटरनेट जोडणीचीही असते. अनेक सेवांमध्ये शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून दुकानाचा पत्ता गाठता येत नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्याकडून स्थिर पत्ता घ्यावा, किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर बोगद्याचे मधले ठाणे करावे. दुकानाचा संगणक स्वतःहून त्या ठाण्याशी जोडलेला राहतो आणि मुलगाही तिथेच येऊन मिळतो. बडनेरा जंक्शनवर दोन दिशांच्या गाड्या भेटाव्यात तसे हे आहे.

सॉफ्टवेअर नीट असूनही बोगदा जोडला जात नसेल, तर तीन साध्या गोष्टी तपासाव्यात. पहिली, वीज आल्यावर संगणक स्वतःहून सुरू होतो का. मदरबोर्डच्या बायोस मांडणीत ‘वीज परतल्यावर चालू’ असा पर्याय असतो, तो निवडावा लागतो. दुसरी, राउटर बॅटरीवर आहे का. संगणकाला बॅटरी आणि राउटर थेट भिंतीला, हे दृश्य बऱ्याच दुकानांत दिसते. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. संगणकातील नाण्याच्या आकाराचा सेल संपला की प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की प्रमाणपत्रावर चालणारा व्हीपीएन ‘मुदत जुळत नाही’ म्हणून नकार देतो आणि वायरगार्डही मागच्या वेळेची हाक स्वीकारत नाही. काही रुपयांच्या सेलपायी मोठी जोडणी अडून बसते.

हे सर्व झाले की परीक्षा घ्यावी, आणि ती खरी असावी. दुकान बंद करताना संगणकाची वीज मुख्य बटणापासून तोडावी, दहा मिनिटांनी परत द्यावी आणि कोणीही कळफलकाला हात लावू नये. मग घरी जाऊन, दुकानाचे वाय-फाय न वापरता, मोबाइलच्या इंटरनेटवरून खातेवही उघडून पाहावी. उघडली तर काम पूर्ण झाले. तंत्रज्ञ समोर बसलेला असताना जोडणी दिसली, एवढ्यावर त्याचे बिल चुकते करू नये.

मात्र सदैव जोडलेला बोगदा म्हणजे संपूर्ण संरक्षण, असा समज करून घेऊ नये. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत फाइलीत होता. तेथून तो कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांतून धावत गेला. मर्स्क या जहाज कंपनीचे काम ठप्प झाले आणि तिच्या समूहाकडे असलेल्या मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलवरही कंटेनरांची रांग लागली. वऱ्हाडचा शेतमाल ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. कंपनीच्या जाळ्याचा गाभा सांभाळणारे सर्व्हर एकामागून एक पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरूनच कंपनीने आपले जाळे पुन्हा उभे केले.

या घटनेतून पेढीने दोन धडे घ्यावेत. बोगद्यातून चांगला माणूस जसा येतो, तसा रोगही येऊ शकतो. म्हणून मुलाच्या लॅपटॉपला दुकानाचे सगळे जाळे न देता फक्त हिशेबाच्या संगणकाचे एकच दार द्यावे. दुसरे, खातेवहीची एक प्रत कोणत्याही जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर असावी. आठवड्यातून एकदा ती डिस्क जोडावी, प्रत घ्यावी आणि पुन्हा तिजोरीत ठेवावी.

किल्ल्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली असावी. लॅपटॉप रेल्वेत हरवला किंवा मुनीमजींनी नोकरी सोडली, तर तेवढीच किल्ली त्याच दिवशी रद्द करता येते. बाकीच्यांचे काम थांबत नाही. घरातल्या सर्वांनी एकच किल्ली वापरली, तर एकासाठी सर्वांचे कुलूप बदलावे लागते. आपोआप जोडणारा लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठीही आपोआपच जोडला जाईल, हे ध्यानात ठेवून त्याच्या डिस्कला सांकेतिक कुलूप आणि उघडण्यास भक्कम पासवर्ड असलाच पाहिजे.

कायद्याविषयीचा संभ्रमही दूर व्हावा. पेढीने स्वतःच्या कामासाठी व्हीपीएन वापरणे भारतात बेकायदा नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपण्यास सांगितले. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम लागू नाही, असे स्पष्टीकरणही दिले. मोबाइलवर फुकट मिळणारी व्हीपीएन ॲप ही वेगळीच वस्तू आहे. त्यात आपला सारा मजकूर अनोळखी माणसाच्या हातून जातो. पेढीच्या कामाला ती वापरू नयेत. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विलंब न करता कळवावे.

दिवाळीला चोपडापूजन होते, तेव्हा नव्या वहीबरोबर अनेक घरांत संगणकालाही कुंकू लावले जाते. त्या दिवशी घरातील मुले पुण्या-मुंबईहून आलेली असतात, तंत्रज्ञाने काय जोडले आहे हे त्यांना समजते आणि वडीलधाऱ्यांना पेढीचे कोणते दार कोणासाठी उघडे ठेवायचे हे ठाऊक असते. पूजनाच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून मुख्य बटण एकदा बंद करून पाहावे. जुन्या किल्ल्यांची यादी काढावी, तिजोरीतील प्रत उघडते का ते बघावे आणि तारखेचा सेल बदलावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या नोंदीआधी ते झालेले असावे.