समाजशास्त्राच्या वर्गात काय शिकवितात?

जून महिन्यात महाविद्यालयांत प्रवेशाची गर्दी उसळते तेव्हा आम्हां समाजशास्त्र शिकविणारांस एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन आलेले वडील विचारतात, "समाजशास्त्र म्हणजे समाजसेवाच ना?" नाही म्हटले, की दुसरा प्रश्न तयार असतो, "मग नागरिकशास्त्रासारखे काही?" तेही नव्हे म्हटल्यावर गृहस्थ थोडे थांबतात आणि मग मनातली खरी शंका बाहेर पडते. "समाजात तर आपण सारे जन्मापासून राहतो. त्यात शिकावयाचे ते काय?" पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर चटकन देता येते. समाजसेवा हे कार्य आहे व ते शिकविणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. नागरिकशास्त्राचा संबंध हक्क, कर्तव्ये व राज्ययंत्रणा यांच्याशी. तिसरा प्रश्न मात्र असा झटकून टाकता येत नाही. तो विचारणारा मनुष्य अडाणी नसतो; किंबहुना त्याने विषयाच्या मर्मावरच बोट ठेवलेले असते.

हा विषय आपल्याकडे फार जुना नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्रमुख. ते मूळचे स्कॉटलंडचे व नगररचनेचे जाणकार. १९२४ साली विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आली. घुर्ये मालवणचे, पिंडाने संस्कृतचे अभ्यासक. केंब्रिजला त्यांनी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली अध्ययन केले होते. हे रिव्हर्स पेशाने वैद्य. १८९८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या सामुद्रधुनीतील बेटांवर एक अभ्यासमंडळ गेले, त्यात ते होते. तेथील लोकांना "तुमच्यात लग्नाचे नियम काय?" असे विचारले, तर उत्तरे गोंधळाची येत. म्हणून रिव्हर्स यांनी नियम विचारणेच सोडून दिले. तुझ्या बापाचे नाव काय, आईचे काय, भावंडे किती, कोणाचे लग्न कोणाशी झाले, एवढेच ते विचारीत व कागदावर मांडीत. असे पुष्कळ वंशवृक्ष जमले, की लोकांना शब्दांत सांगता न येणारा नियम कागदावर आपोआप उमटे. पुढे निलगिरीवरील तोडा लोकांचा अभ्यास त्यांनी याच रीतीने केला.

ही युक्ती आम्ही मुद्दाम सांगितली, कारण पदवीच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गात जी एकच गोष्ट विद्यार्थ्याला खडबडून जागे करते, ती हीच. बाकी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम, खरे सांगावयाचे तर, रुक्ष आहे. समूह, समुदाय, संस्था, दर्जा आणि भूमिका, सामाजीकरण, सामाजिक नियंत्रण, स्तरीकरण, अशा संज्ञांची रांग लागते आणि प्रत्येकीच्या चार विद्वानांनी केलेल्या चार व्याख्या. बाजारात मिळणारी मार्गदर्शके त्या व्याख्या पाठ करून घेतात. विद्यार्थी उत्तीर्ण होतो, आणि कुटुंब म्हणजे काय हे सहा मुद्द्यांत लिहिणाऱ्या मुलाला आपल्या स्वतःच्या कुटुंबाबद्दल काडीचीही नवी गोष्ट कळलेली नसते. "सोपा विषय" ही समाजशास्त्राची कीर्ती या मार्गदर्शकांनी केलेली आहे.

म्हणून आम्ही मुलांना आपापल्या घराचा तीन पिढ्यांचा तक्ता काढावयास सांगतो. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला जोडरेघ. काम पोरखेळाचे वाटते. पण पहिली अडचण आजीपाशीच येते. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. पणजीचे नाव विचारा. तिचे लग्नात बदललेले नाव कदाचित निघेल, परंतु माहेरी तिला काय म्हणत, हे सांगणारे माणूस बहुधा उरलेले नसते. वर्तुळे रिकामी राहतात. स्त्रीचा दर्जा या प्रकरणावर दहा व्याख्याने झोडूनही जे मुलांच्या ध्यानात येत नाही, ते त्या रिकाम्या वर्तुळांनी येते. कोणी मुद्दाम ती नावे पुसलेली नसतात. ती लिहून ठेवावीत असे कोणाला वाटलेच नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट शब्दांची. पुष्कळ मराठी घरांत सून सासूला आत्याबाई म्हणे व सासऱ्याला मामंजी. काही घरांत अजूनही म्हणते. सासू ही आत्या कशी? ज्या जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, तेथे नवऱ्याची आई ही मुलीच्या बापाची बहीणच असते. म्हणजे लग्नाआधीचीच आत्या. आत्याच्या यजमानांना मामा म्हणण्याची रीतही अनेक घरांत आहे. मामंजी त्याच घराण्यातला शब्द. ज्या घरात मामाची मुलगी कधी केली गेली नाही तेथेही हे शब्द चालू राहतात, कारण शब्द चालीपेक्षा चिवट असतात. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे, ज्यांनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वर्षानुवर्षे अध्यापन केले, त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. उत्तरेकडे मुलगी दूरच्या, अनोळखी गावी द्यावयाची. दक्षिणेकडे शक्य तो नात्यातच द्यावयाची. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर. येथे मामाची मुलगी पुष्कळांना चालते, आत्याची सहसा चालत नाही. उत्तरेकडची वधू घुंघट घेते आणि आपल्याकडची सून सासूला आत्या म्हणते, यांमागे असा लग्नाचा नकाशा आहे. आजवर कानांवरून गेलेला शब्द त्या दिवशी प्रथमच मुलांना ऐकू येतो.

दुसऱ्या वर्षी भारतीय समाजाचा अभ्यास येतो आणि त्याबरोबर जात येते. येथे पालकांची तक्रार असते, व ती आम्ही सभांतूनही ऐकली आहे, की तुम्ही वर्गात जात शिकविता म्हणूनच ती जिवंत राहते. नव्या पोरांना कशाला सांगता? तक्रार करणारांची तळमळ पुष्कळदा खरी असते. पण त्यांनी तो पहिल्या वर्षीचा तक्ता एकदा पाहावा. "आमच्या घरी जात मानीत नाहीत" असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलाच्या तक्त्यात तीन पिढ्यांतल्या वीस-पंचवीस जोडरेघा असतात, आणि बहुतेक वेळा त्या सगळ्या एकाच जातीतल्या. कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नसते. स्थळे आली, पत्रिका पाहिल्या, पसंती झाली. प्रत्येक लग्न खाजगी, आणि सगळी मिळून जात!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले. त्या वेळी ते पंचविशीतले विद्यार्थी होते. सोवळेओवळे, रोटीबंदी, धंद्याची वाटणी यांना त्यांनी मूळ मानले नाही. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे सार, असे त्यांचे म्हणणे. आणि लग्ने जातीतच राहावीत म्हणून काय काय करावे लागते, याचा त्यांनी कठोर हिशेब मांडला. नवरा किंवा बायको मेली की जोडीचा तोल बिघडतो; उरलेल्या माणसाचे करावयाचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्यांच्या मते या प्रश्नाला दिलेली उत्तरे होत. पहिल्या वर्षीची रिकामी वर्तुळे आणि दुसऱ्या वर्षीची जात ही दोन प्रकरणे नसून एकच आहेत, हे हा निबंध वाचताना विद्यार्थ्याच्या लक्षात येते. निदान यावे अशी आमची इच्छा असते. शिकविण्यावाचून जात मरत असती, तर देशाच्या जनगणनेत सर्व जातींचे आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध होणे बंद झाले, तेव्हाच ती मरावयास हवी होती. ती मेली नाही. आणि आगामी जनगणनेत तिची नोंद पुन्हा घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला.

मात्र हे शिकविणे निर्धोक आहे, असा दावा आम्ही करीत नाही. आमच्या हातून एकदा चूक झाली. पूर्वी आम्ही तक्ते वर्गात मोठ्याने वाचावयास लावीत असू. एक मुलगी वाचता वाचता एका नावापाशी थांबली, खाली बसली आणि पुढे कित्येक दिवस वर्गात आली नाही. तिच्या आजीचा पाट लावला होता, आणि घरातल्यांनी ती गोष्ट झाकून ठेवली होती, हे आम्हांस फार उशिरा कळले. विधवेला दुसरा संसार करू देणारी ही चाल पुष्कळ जातींत होती, आणि आमच्या लेखी ती अभिमानाची बाब. पण वरच्या जातींचे पाहून प्रतिष्ठा मिळवावयाची तर अशा चाली टाकाव्या लागतात, झाकाव्या लागतात. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग लोकांवरील १९५२ च्या ग्रंथात या क्रियेला संस्कृतीकरण असे नाव दिले. हा शब्द आम्ही त्याच वर्गात, त्याच महिन्यात फळ्यावर लिहिला होता, आणि समोर बसलेल्या मुलीकडे आमचे लक्ष नव्हते. तेव्हापासून तक्ता ज्याचा त्याच्यापाशीच राहतो. लेखी निष्कर्ष तेवढे आम्ही पाहतो.

श्रीनिवास यांचे नाव निघालेच आहे, म्हणून आणखी एक सांगतो. तेही घुर्ये यांचेच विद्यार्थी. पोथ्यांत दिसणारा समाज आणि गावात प्रत्यक्ष दिसणारा समाज यांत अंतर असते, पोथीत चार वर्ण असतात आणि गावात कोणाची जमीन किती व कोणाची माणसे किती यावर मान ठरतो, हे त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ साली राहून पाहिले. त्या खेड्यावरची त्यांची सिद्ध केलेली टिपणे १९७० साली अमेरिकेत लागलेल्या आगीत जळाली. मग त्यांनी पुस्तक आठवणीने लिहिले व ते १९७६ साली बाहेर आले. मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ सालचा. विद्यापीठात विभाग निघण्याच्या आधीच महसूल खात्यातल्या एका माणसाने कुळकर्णी, पाटील, बलुतेदार यांचा सारा व्यवहार डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला होता. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही तो परीक्षेत असो वा नसो, वाचावयास सांगतो.

तिसऱ्या वर्षी मार्क्स, वेबर, दुर्खीम हे विचारवंत येतात आणि संशोधनपद्धती येते. विचारवंतांविषयी थोडक्यातच सांगतो. एमिल दुर्खीम या फ्रेंच पंडिताने १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. जीव देण्याइतकी एकट्याची दुसरी गोष्ट नाही. तरीही एखाद्या समाजातले त्या गोष्टीचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर राहते, कॅथलिकांत कमी आणि प्रॉटेस्टंटांत जास्त दिसते. मग ते प्रमाण त्या एकेका माणसाच्या मनातून आले कसे म्हणावे? हा प्रश्न एकदा उमजला, की मुले आपल्या इकडचे आकडे वेगळ्या नजरेने वाचू लागतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ सालचा, केंद्राचा १९९४ सालचा. कायदे झाल्यावरही आकडा घसरत गेला. यांतल्या कोणत्याही एका घरी जाऊन विचारा. "आम्ही तसे काही केले नाही" असेच उत्तर येईल, आणि एकेका घरापुरते ते खोटे आहे असे सिद्धही करता येणार नाही. आकडा मात्र खोटे बोलत नाही. हजारामागच्या त्या कमी झालेल्या बावन्न मुली कोणाच्या घरातल्या?

या पदवीचा उपयोग काय, असे वडील शेवटी विचारतातच. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय घेता येतो, पुढे अध्यापन, संशोधन, ग्रामविकासाची कामे आहेत. इतर कलाशाखेच्या पदव्यांना जेवढा भाव तेवढा हिलाही. याहून मोठे आश्वासन आम्ही देत नाही.

संशोधनपद्धतीचा भाग मात्र आपणां नगरवासीयांच्या दारापर्यंत येतो. हिवाळ्यात दोन-तीन मुले हातात छापील प्रश्नावली घेऊन आपल्या आळीत फिरताना दिसली असतील. "घरात माणसे किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो सर्वांत सोपा असा त्यांचा समज. जनगणनेचे कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. पण मुंबईला खोली घेऊन राहणारा, दरमहा पैसे पाठविणारा आणि गणपतीला येणारा मुलगा मोजावयाचा की नाही? खालच्या मजल्यावर वेगळी चूल मांडलेला, पण सातबारावर नाव असलेला भाऊ? गुजरातेतील महुवा या गावाचा अभ्यास करून आय. पी. देसाई यांनी १९६४ साली दाखविले, की चूल वेगळी झाली तरी मालमत्ता आणि परस्परांची जबाबदारी एकत्र राहू शकते; तेव्हा एकत्र कुटुंब मोडले असे केवळ घरे मोजून म्हणता येत नाही. मुलांनी देसाईंचे ते मत वर्गात वाचलेले असते. तरीही दारात उभी राहून ती गोंधळतात. आजोबा आतून म्हणतात "अकरा", सूनबाई म्हणतात "पाच", आणि मुले रकाना कोरा ठेवून परततात. मग वर्गात त्या एका रकान्यावरून तासभर भांडण चालते.