पित्ताशय काढल्यानंतर घरी जाताना

पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया आता कुणाला नवी राहिलेली नाही. शस्त्रक्रियेआधी नातेवाईक पुष्कळ प्रश्न विचारतात. खर्च किती येईल, रक्त लागेल काय, पूर्ण बेशुद्ध करणार काय? एकदा शस्त्रक्रिया पार पडली की मात्र प्रश्न एकच उरतो. "साहेब, मायले घरी केव्हा नेऊ?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "रेल्वेनं नेऊ की मोटारीनं?" आजचा लेख या दोन प्रश्नांविषयी आहे.

आपल्या जिल्ह्यात हे प्रश्न वरवरचे नाहीत. गोंदियात ही शस्त्रक्रिया होते, २०१६ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही अनेक कुटुंबे नागपूर गाठतात. गोंदिया ते नागपूर अंतर सुमारे १३० किलोमीटर. त्यापुढे कुणाला सालेकसा गाठायचे असते, कुणाला अर्जुनी मोरगाव. शस्त्रक्रिया करणारा सर्जन एका टोकाला आणि रुग्ण दुसऱ्या टोकाला, असे आठ-दहा दिवस जातात.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जनने १८८२ साली पहिल्यांदा रुग्णाचे पित्ताशय काढले. त्यानंतर शंभर वर्षे बरगडीखाली वीतभर छेद घेऊनच हे काम होत असे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केले. भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. (२०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.) दुर्बिणीमुळे वेदना कमी झाल्या, टाके कमी झाले, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ लागला. पण या सोयीची एक बाजू आपल्या ध्यानात येत नाही. पूर्वी शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठ दिवस रुग्ण वॉर्डात, डॉक्टरांच्या नजरेखाली काढत असे. आता तेच आठ दिवस तो घरी काढतो, आणि नजर ठेवणारे आपण असतो.

तेव्हा काय चालण्यासारखे आहे आणि काय नाही, हे घरच्यांना ठाऊक हवे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखतो. खांदा का दुखतो म्हणून घाबरून जाणारे बरेच असतात. हा त्रास चालण्या-फिरण्याने आपोआप कमी होतो. बेंबीजवळच्या जखमेभोवती थोडे काळेनिळे पडते, थकवा वाटतो, भूक कमी लागते, दोन दिवस शौचास होत नाही. यात चिंतेचे काही नाही.

मात्र एक साधा हिशेब लक्षात ठेवावा. रुग्णाला दररोज कालच्यापेक्षा आज बरे वाटले पाहिजे. तिसऱ्या दिवशी उठून बसणारी बाई पाचव्या दिवशी पुन्हा अंथरुणाला खिळली, पोट फुगले, अन्न नकोसे झाले, अंगात बारीक ताप राहू लागला, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा-सोडा देत बसू नये. पित्तनलिकेजवळून पित्त पोटात झिरपू लागले तर सुरुवातीची लक्षणे अशीच मवाळ असतात. फार दुखतही नाही, आणि म्हणूनच फसगत होते. हा त्रास बहुधा पहिल्या आठवड्यातच, म्हणजे रुग्ण घरी पोचल्यावर उमटतो. शस्त्रक्रियेनंतर तो क्वचितच उद्भवतो, पण वेळेवर कळला तर बरा होतो आणि चार दिवस दवडले तर जिवावर बेततो.

दुसरी खूण काविळीची. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग मातकट, सोबत थंडी वाजून ताप. पित्तनलिकेत एखादा खडा राहून गेला असेल किंवा नलिकेला इजा झाली असेल तर असे होते. हे काही आठवड्यांनीही होऊ शकते. आपल्याकडे कावीळ म्हटली की माळ घालणारे, औषध पाजणारे, उतरवून देणारे लगेच आठवतात. पित्ताशय काढलेल्या माणसाच्या काविळीला हा उपाय नाही. नलिकेत खडा असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढावा लागतो. त्यासाठी सर्जनकडेच गेले पाहिजे.

आता प्रवासाकडे वळू. नेमका कधी निघावा हा निर्णय सर्जनचा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरळीत झाली असेल, रुग्ण स्वतः चालत शौचालयात जात असेल, पाणी-जेवण उलटत नसेल, ताप नसेल, तर दोन-तीन तासांचा प्रवास सहसा झेपतो. छेद देऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर अधिक दिवस थांबावे लागते. विमानाने जाणाऱ्यांनी दुर्बिणीनंतर साधारण ४-५ दिवस आणि मोठ्या छेदानंतर १० दिवस जाऊ द्यावेत व डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे.

रेल्वे की मोटार? माझे मत रेल्वेच्या बाजूचे आहे. विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरहून येताना रुग्णाला आडवे होता येते, उठून चार पावले टाकता येतात, शौचालय हाताशी असते. बर्थ मात्र खालचाच हवा. खरी अडचण गाडीत नसते, ती फलाटावर आणि जिन्यावर असते. स्थानकावर चाकाची खुर्ची मिळते, ती मागण्यात कमीपणा कसला? रुग्णाच्या हातात पिशवीसुद्धा देऊ नये. देवरी, सडक अर्जुनीकडच्या मंडळींना महामार्गच सोयीचा. मोटारीने आणायचे तर तासाभराने गाडी थांबवून रुग्णाला खाली उतरवावे. सीटबेल्ट लावावा, पण पोट आणि पट्टा यांच्यामध्ये छोटी उशी ठेवावी. खोकला आला तर हीच उशी पोटाशी दाबून धरली की टाक्यांवर ताण येत नाही. एस.टी.ने यावे लागले तर मागची बाके टाळावीत, तेथे हादरे अधिक बसतात. आणि स्थानकावरून घरी नेताना रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवण्याचा पराक्रम कुणी करू नये!

बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहावीत. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर घर येण्याची वाट पाहू नये. रस्त्यात असाल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, गाडीत असाल तर तिकीट तपासनिसाला सांगून पुढच्या स्थानकावर मदत मागावी. प्रवासात पाणी घोट-घोट प्यावे. स्थानकावरचे तर्रीपोहे आणि भजी मात्र सोबतच्यांनी खावीत, रुग्णाला नकोत.

आपल्या भागातील एका आजाराचा येथे वेगळा उल्लेख केलाच पाहिजे. सिकलसेल पूर्व विदर्भात घरोघरी ऐकू येतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यातून निघालेल्या रंगद्रव्याचे खडे पित्ताशयात होतात. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींचेही पित्ताशय काढावे लागते. अशा रुग्णाला थंडी, तहान आणि थकवा तिन्ही बाधतात. सिकलसेलचे कार्ड शस्त्रक्रियेआधीच भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. परतताना खिडकीशी बसवू नये, अंगावर पांघरूण ठेवावे, पाण्यात हयगय करू नये. छातीत दुखणे, ताप किंवा दम लागणे यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरी आल्यावर पथ्याचा गोंधळ सुरू होतो. पित्त तयार होते यकृतात, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी, तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावते. ती गेली म्हणून जन्मभर फोडणीविना वरण खाण्याची गरज नाही. काही आठवडे तेलकट कमी, थोडे-थोडे पण अधिक वेळा जेवावे. भात-वरण, ज्वारीची भाकर, भाजी, ताक चालते. काहींना सुरुवातीला जेवणानंतर पातळ शौचास होते, ते हळूहळू थांबते. सावजी रश्श्याला थोडी वाट पाहायला लावावी, एवढेच.

पथ्यापेक्षा कामाचे बंधन महत्त्वाचे, आणि तेच पाळले जात नाही. जखम बाहेरून आठवड्यात भरते, आतला पदर भरायला चार ते सहा आठवडे लागतात. छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर आणखी थोडे. तोवर पाण्याची गुंड उचलणे, धानाचे पोते हलवणे, रोवणीला वाकणे बंद. बायांच्या बाबतीत घरचे लोक हे सोयीने विसरतात. त्या जागी हर्निया झाला की दुसरी शस्त्रक्रिया ठरलेली.

निघण्यापूर्वी सुट्टीचे कार्ड नीट वाचून घ्यावे. सर्जनचा रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक, टाके काढण्याची तारीख, मधुमेहाच्या व रक्त पातळ करण्याच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे त्यावर लिहून मागावे. आपल्या गावाजवळ ज्या रुग्णालयात रात्रीही डॉक्टर असतात ते कोणते, हे आधीच ठरवून ठेवावे.

आणखी एक. काढलेले खडे डबीत घालून घरी आणण्याची आणि आल्या-गेल्याला दाखवण्याची आपल्याकडे हौस असते. खडे आणा खुशाल. पण पित्ताशय तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलेले असते आणि त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. क्वचित त्यात कर्करोगाच्या पेशी आढळतात आणि पुढील उपचार लगेच करावे लागतात. तो अहवाल टाके काढायला जाल त्या दिवशी मागून घ्या आणि सर्जनला दाखवा.